पोरं कुठं झोपणार?

दाजींचा फोन आला तेव्हा मी कोर्टाच्या आवारात चहा पीत उभा होतो. ते काय सांगत होते ते कानात शिरत होतं, डोक्यात शिरत नव्हतं. सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनाच म्हणालो, "बरं बरं, आक्काला द्या जरा फोन." पलीकडं दाजींचा हुंदका. आक्का, तू गेलीस हे सांगणाऱ्या माणसाकडंच मी तुला मागत होतो. एवढा मोठा वकील म्हणवतो स्वतःला, आणि अक्कल बघ.

तुझं तेरावं होऊन थोडेच दिवस झालेत. खानापूरच्या तुझ्या घरी माणसांची रीघ होती. जो तो म्हणायचा, "सिस्टर म्हंजे देवमाणूस." मला मनातल्या मनात हसू यायचं. देवमाणूस कसली! सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स म्हणून राबलीस आणि डॉक्टरांपासून शिपायापर्यंत एकाला सोडलं नाहीस भांडायचं. माझ्याशी तर लहानपणापासून. तू किती साली लागलीस, कधी रिटायर झालीस, हे सगळं पेपरातल्या फोटोखाली छापून आलंय. मला ते सांगायचं नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि तू मधेच उठून गेलीस. हे काही बरं केलं नाहीस.

भांडण कशावरून, ते दाजींनाही नीट माहीत नव्हतं. ते म्हणायचे, "भैनभाऊ बसले की कोर्ट भरतंय." लहान पोरांच्या अंगाला घरातली, ओळखीची माणसं हात लावतात, नको ते करतात, यावर काय करायचं, हा आपला वाद. मी म्हणायचो, पोलीस, केस, शिक्षा. कायदा कडक आहे, तो वापरा. तू म्हणायचीस, "वापर की! मी कधी न्हाय म्हंटलंय? कळलं तवा मीच पोलिसात गेलोय न्हवं?" आणि गेलीही होतीस. घरच्यांनी पाय धरले तरी गेली होतीस. पण लगेच पुढचं वाक्य यायचं, "तुझ्याकडं येतंय ते शेवटचं रं. मला ते व्हायच्या आधी गाठायचंय."

तुझं म्हणणं मला चक्रम वाटायचं. तू त्याला रोग म्हणायचीस. डेंगी आला की आम्ही घरोघरी फिरतो, टाक्या उपड्या करतो. ज्या घरात डास सापडले त्या घराची कुणी बदनामी करत नाही, आणि ज्या घरात सापडले नाहीत ते घरही सोडत नाही. हे पण तसंच बघा, म्हणायचीस. ते एखाद्या राक्षसाचं काम नाही, ते चांगल्या-चांगल्या घरांत आहे, पोरींचं आहे तसं पोरांचं आहे, आणि तुम्हाला वाटतं त्याच्या कितीतरी पट आहे. ही पोरं पुढं जन्मभर दवाखान्याच्या पायऱ्या चढतात. कुणाला झोप नाही, कुणाला दारू, कुणाला जीव नकोसा. आणि केसपेपरवर लिहिलेलं असतं पोटदुखी. एकदा मला म्हणालीस, "जंताचं औषध दिलं, परत दिलं, तरी पोर पोट धरून यालंय, तर मग जंत पोटात न्हाईत, घरात हाईत." तेव्हापासून तू अशा पोराच्या आईला बाहेर बसवायचीस आणि पोराशी निवांत गप्पा मारायचीस. शाळेच्या, कुत्र्याच्या, क्रिकेटच्या. पोरं तुला सांगायची. का सांगायची देव जाणे. तुझं तोंड तर असं करारी की मी चाळिशी ओलांडल्यावरही तुला घाबरायचो.

त्या कुंद्याची आठवण आली की अजून माझा पापड मोडतो. तूच पोलिसात नेलेली केस, खानापूरकडच्या एका पोरीची. करणारा तिचा सख्खा नातेवाईक. मी सरकारी वकिलाला मागं राहून मदत केली होती, पोरीच्या बाजूनं राबलो होतो. शिक्षा लागली त्या दिवशी मी गणपत गल्लीतून अर्धा किलो खव्याचा कुंदा घेतला आणि थेट तुझ्या दारात. तू डबा घेतलास, कपाळाला लावलास आणि विचारलंस, "पोरगी कुठं हाय आता?" मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. शाळा सोडून तिला आजोळी ठेवली होती, आणि आजोळी तिच्या ताटाला कुणी ताट लावत नव्हतं. मी चिडलो. म्हणालो, "म्हंजे त्याला मोकळा सोडायचा होता व्हय?" तू म्हणालीस, "न्हाय रं. आत गेला ते झ्याक झालं. कुंदा खा." आणि स्वतः खाल्लास, चांगला दोनदा घेऊन. त्या संध्याकाळी मी रागानं जेवलो नाही. पुढं महिनोन्‌महिने तू सुट्टीच्या दिवशी बस धरून त्या पोरीकडं जात होतीस, हे मला दाजींकडून कळलं. ती पुन्हा शाळेत गेली हेही त्यांच्याकडूनच. मी अजूनही म्हणतो की शिक्षा झाली नसती तर ती शाळेत गेली नसती. तू काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे, त्यामुळं ते लिहीत नाही.

आता यात्रेचं बोलू. तुझं माहेर, म्हणजे आपलं जुनं घर, कंग्राळीच्या पुढचं ते एवढंसं गाव. लक्ष्मीची यात्रा काही दरवर्षी भरत नाही, काही वर्षांनी एकदा येते, आणि आली की घरटी इतके पावणे की शेजाऱ्याच्या सोप्यात, ओसरीवरही आपलीच माणसं. पावण्याला कमी पडलं तर गावाची मान खाली. तो कुठं बसला, कुठं झोपला, हे विचारायचं नसतं. दमला की तो आडवा होणार, आणि पोरांना तेवढ्या जागेत कुठंही सारायचं. "जा गं, त्या मामांच्याजवळ पड. जा रं, काका गोष्ट सांगतील." असं आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय आणि कुणाच्या मनात काही वाईट नसतं. तेच तर अवघड आहे.

यंदाच्या यात्रेसाठी देवस्थानच्या पंचांनी देवळाच्या मंडपात मीटिंग बोलावली. पाणी, ब्लिचिंग पावडर, संडास, ॲम्ब्युलन्स. माहेरवाशीण आणि रिटायर नर्स म्हणून तुलाही बोलावणं होतं. मीच तुला गाडीतून घेऊन गेलो. तू टाकीच्या पाण्याचं बोललीस, उघड्यावरच्या सरबताचं बोललीस, माणसं माना डोलवत होती. आणि त्याच सुरात, एक शब्द वर-खाली न करता, विचारलंस, "आणि पोरं कुठं झोपणार?"

कुणाला कळलंच नाही आधी. मग तू समजावून सांगितलंस. प्रत्येक गल्लीत एका घरातली आतली खोली फक्त पोरांची. गडीमाणूस आत नाही, बाप असला तरी नाही. गल्लीतल्या दोघी-दोघी बायका पाळीपाळीनं जाग्या. "दोघी पायजेत, एकटी नको. बाई हाय म्हणून डोळं मिटायचं न्हाईत." आणि पोरांना आधीच सांगून ठेवायचं की कुणी अंगाला नको तसा हात लावला तर आरडायचं, पावणा असला तरी, आणि सांगितलं म्हणून मार बसणार नाही.

मग थोरले पंच आप्पा, आपले चुलते, लालबुंद झाले. "सुमन, पावण्यांच्या तोंडावर आमची अब्रू काढालीस व्हय गं?"

तू अगदी थंडपणे म्हणालीस, "आप्पा, तुमच्या नातवाला मी पोलिओचा डोस पाजला. तवा तुम्हाला म्हंटलं का, ह्याला पोलिओ झालाय म्हणून?"

बायका पदरात हसल्या. आप्पा काही हसले नाहीत. ते म्हणाले, "आमच्या गावात असलं कधी घडलं न्हाय. एक तरी दाखव. एक दाखव, मी सोता खोली काढून देतो."

आणि तू गप्प बसलीस. जन्मात पहिल्यांदा तुला मी असं गप्प बसलेलं पाहिलं. "बघा, न्हाय न्हवं?" म्हणाले आप्पा, आणि विषय पुढच्या मीटिंगवर ढकलून मंडपवाल्याकडं वळले.

येताना गाडीत मी तुला वकिली शिकवत होतो. म्हणालो, "आक्का, पुराव्याशिवाय केस टिकत न्हाय. एक साक्षीदार उभा करता आला असता तर गाव तुझं ऐकलं असतं." तू माझ्याकडं बघितलंस. खूप वेळ बघितलंस, मग खिडकीबाहेर तोंड केलंस. म्हणालीस, "ज्यानं त्यानं आपलं आपण सांगायचं असतंय. दुसऱ्याचं मी कशी सांगू?" मी गाडीचा हॉर्न उगाचच वाजवला.

मला सगळं कळलं होतं, आक्का. तुला कळलंय हे पण कळलं होतं.

मी तिसरीत होतो त्या यात्रेत, आणि तू नववीत. आई चुलीपुढं, घरात पावण्यांची ही गर्दी, आणि तुझ्या हातात वाकळांचा ढीग. जिथं जागा मिळंल तिथं तू अंथरत होतीस आणि आम्हा पोरांना ढकलत होतीस. माझं अंथरूण सोप्यात पडलं, एका पावण्याच्या कडेला. त्या माणसाचं नाव मी लिहीत नाही. तो कधीच मेला, आणि त्याची नातवंडं आज शाळेत जातात, त्यांचा काय गुन्हा. झालं ते झालं. त्याचं वर्णन करायची मला गरज वाटत नाही आणि तुला तर नाहीच.

यात्रा संपली आणि मी अंथरूण ओलं करायला लागलो. पोट दुखायचं. सोप्यात पाय टाकायचो नाही. आईनं नजर काढली, अंगारा लावला, दवाखान्यात नेऊन जंताचं औषध पाजलं. पोरं चिडवायची. तू तेवढी चिडवत नव्हतीस. माझी वाकळ घरामागच्या परड्यात नेऊन गुपचूप वाळत घालायचीस, आईच्याही आधी उठून. मला तेव्हा वाटायचं, आक्काला धुण्याची हौस.

नर्सिंगच्या शिक्षणाला गेलीस आणि काही वर्षांनी तुला उमगलं असावं. माझ्या लग्नाआधी एकदा खानापूरला तुझ्याकडं आलो होतो. तू सुपात तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता विचारलंस, "लहानपणी यात्रेत तुला कुणी काय केलतं का रं?" मी ताडकन उठलो. "खुळी झालीस काय? काय बोलालीस तुझं तुला तरी कळतंय का?" असं ओरडलो की शेजारची बाई डोकावून गेली. तू फक्त "बरं" म्हणालीस आणि तांदूळ निवडत राहिलीस. त्यानंतर त्या गोष्टीचा एक शब्द काढला नाहीस, शेवटपर्यंत.

पण तू गेल्यावर मला एक गोष्ट समजली. तुझ्याकडं मुक्कामाला आलो की तू मला आतली खोली द्यायचीस आणि दाजींना बाहेर पिटाळायचीस. म्हणायचीस, "ह्यांचं घोरणं म्हंजे भाताची मिल. तुला झोप लागायची न्हाय." मी इतकी वर्षं ते खरं धरून चाललो होतो, दाजींची त्यावरून थट्टासुद्धा करायचो. दहाव्याचं आटोपून आल्यावर त्या दुपारी दाजी सोप्यात आडवे झाले. दमलेला माणूस, लगेच झोप लागली. मी शेजारी बसलेलो. श्वासाचासुद्धा आवाज नाही. उठल्यावर मी विचारलं, "दाजी, घोरणं थांबलं वाटतं?"

"घोरणं?" ते म्हणाले. "मी कवा घोरलो?"

"मग तुम्हाला बाहेर का झोपवायची आक्का?"

"तू आलास की मला बाहेर झोपा म्हणायची. का म्हणून मी कधी विचारलं न्हाय. तिचं काय तरी आसंल, म्हंटलं."

मी परड्यात जाऊन रडलो, आक्का. तू गेल्यापासून रडलो नव्हतो, तेव्हा रडलो. खोलीत दुसऱ्या पुरुषाचं अंथरूण पडलं की मला झोप लागत नाही हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तू ते न सांगता ओळखलंस, आणि बिचाऱ्या दाजींच्या नावावर घोरणं लावून मोकळी झालीस. असलं खोटं बोलायला किती माया लागते. आणि त्या मंडपात, आप्पा "एक दाखव" म्हणत असताना, तो एक तुझ्या शेजारीच पांढरा शर्ट घालून बसला होता. माझ्याकडं नुसतं बघितलं असतंस तरी तू जिंकली असतीस. नाही बघितलंस. हरलीस, पण नाही बघितलंस.

आणखी एक सांगतो. माझं अंथरूण तू टाकलं होतंस, हे तुला आयुष्यभर डाचत होतं काय गं? तू कधी बोलली नाहीस, पण दुसऱ्यांच्या पोरांसाठी एवढी जिवावर उदार होऊन भांडायचीस, त्यात मला ते दिसतंय आता. तसं असेल तर ऐक. तुझा काही दोष नव्हता. तू पोरच होतीस. ज्यानं केलं त्याचा दोष, आणि विचारायचं नसतं म्हणून न विचारणाऱ्या मोठ्यांचा. तुझ्यासमोर बसून हे सांगता आलं असतं तर तुझ्या हाताचा चहा मिळाला असता. आता नुसतं सांगतो.

शहरात, खासबागेतल्या माझ्या घरी परत आलो आणि आधी बायकोशी बोललो. तिनं सगळं ऐकलं. मग माझा हात धरून बसली. "आक्कांना म्हाईत होतं?" एवढंच तिनं विचारलं. मी म्हणालो, व्हय. ती म्हणाली, "तरीच." तिला काय काय आठवलं असेल देव जाणे, मी विचारलं नाही.

काल यात्रेची दुसरी मीटिंग झाली. तुझ्या नावानं दोन मिनिटं उभे राहिले सगळे. आप्पांचे डोळे भरले होते, खोटं का सांगू. तुझ्यावर त्यांचा जीव होता. मग परत टाक्या, पावडर, मंडप. मी हात वर केला आणि म्हणालो, "आक्काचा एक विषय राह्यलाय. पोरं कुठं झोपणार?"

आप्पा कळवळून म्हणाले, "बाळ, गेली रं ती. आता तो विषय पण जाऊ दे की. त्या दिवशी पण मी म्हंटलं, एक तरी दाखवा."

मी उठून उभा राहिलो. कोर्टात इतकी वर्षं उभा राहतोय, साक्षीदारांना घाम फोडतोय, आणि त्या पिंजऱ्यात स्वतः उभं राहणं म्हणजे काय ते काल कळलं. मी म्हणालो, "आप्पा, एक दाखवतो. मी हाय. आपल्या घरात, आपल्या सोप्यात, यात्रेत. मी तिसरीत होतो. माणूस मेलाय, मला केस करायची न्हाय. मला पोरांना खोली पायजे."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचं तोंड उतरलेलं मला बघवेना. तरी पंच ते पंचच. खालच्या आवाजात म्हणाले, "वाईट झालं रं लेकरा. लई वाईट झालं. पण ते तुझं एकट्याचं आसंल. त्यासाठी सगळ्या गावानं..."

"एकट्याचं न्हाय त्ये."

आवाज मागनं आला. मारुतीमामा उभे राहिले होते. वखारीत लाकडं फोडण्यात ज्यांचा जन्म गेला, यात्रेत रथाचा दोर ज्यांच्याशिवाय कुणी पहिला धरत नाही, ते मारुतीमामा. सत्तरी कधीच पार केलेले. खांबाला धरून उभे होते आणि खांबच हलतोय असं वाटत होतं.

"माझं पण हाय," म्हणाले. "आजवर कुणाला सांगितलं न्हाय. माझ्या बायकोला पण म्हाईत न्हाय. ती हितंच बसलीया."

सगळ्या माना बायकांच्या बाजूला वळल्या. मामी खाली बघत होत्या. मग हातातली पिशवी शेजारणीच्या मांडीवर ठेवून त्या उठल्या, पदर खोचला, पुरुषांच्या मधनं वाट काढत नवऱ्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि आप्पांना म्हणाल्या, "आमची आतली खोली घ्या. राखणीला मी हाय. दुसरी कोण येतीया, तेवढं विचारा."